नामदेव कंडक्टर कुटं राहत्यात?

सोलापुरातल्या कुठल्याही नव्या गल्लीत शिरलं की आमचे दाजी स्कूटरवरून उतरतात, टोपी सारखी करतात, समोर दिसेल त्या पहिल्या माणसाला हात जोडतात आणि विचारतात, "काय हो, हितं नामदेव कंडक्टर कुटं राहत्यात?"

आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? पत्ता काय कुणीही विचारतं. विशेष एवढंच की नामदेव कंडक्टर म्हणजे दाजी स्वतः.

माणूस हयात, धडधाकट, दोन्ही पायांवर उभा, आणि शहरभर स्वतःचाच पत्ता विचारत हिंडतो! आणि त्याला हिंडवणारी कोण, तर मी. हेल्मेटची काच खाली ओढायची आणि हा गृहस्थ आपला कुणी लागत नाही असं दाखवत स्कूटरवर बसून राहायचं, हे माझं काम. पण काच ओढून काय उपयोग? दाजी मागं वळून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "सुमन, हितंबी न्हाय गं सापडला!"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मंगळवेढ्याच्या पुढं रानातल्या वस्तीवर दोघं राहायची. मुलगा पुण्यात, अकराव्या मजल्यावर. दाजींची सगळी नोकरी एसटीत गेली. ते निवृत्त झाले खरे, पण ते फक्त कागदावर. आमच्या घरी आले की सोफा रिकामा असतो, खुर्च्या रिकाम्या असतात, आणि दाजी खिडकीचा गज धरून उभे. चहासुद्धा पाय फाकवून उभ्यानं पितात. घर आता कुठल्या क्षणी ब्रेक मारेल याचा नेम नाही ना! "बसा की दाजी," म्हटलं तर म्हणतात, "नको. बसलं की डुलकी लागती."

माझ्या नणंदेच्या लग्नात दाजींना कुणीतरी कौतुकानं पंगतीची व्यवस्था बघायला सांगितली. वरपक्षाची मंडळी जेवायला बसली. शिरा अजून पानात पडतोय तोवर दाजींनी आवाज दिला, "पुढं सरका, पुढं सरका, मागं मोकळं हाय! गाडी धा मिन्टं थांबंल, उरकून घ्या!" नवऱ्या मुलाच्या काकांनी घास तसाच पानात ठेवला. त्यांची समजूत घालता घालता आमच्या ह्यांना संध्याकाळ झाली. तेव्हापासून दाजी आमच्याकडे यायचे म्हटलं की ह्यांना दुसरीकडं कुठंतरी तातडीचं काम निघतं.

मागच्या हिवाळ्यात रानात ज्वारी माणसाच्या वर गेली होती, तेव्हा दाजींचा फोन आला. "सुमन, सोलापुरात भाड्यानं घर बघायचं हाय. दोन खोल्या बास. पाडव्याच्या आत पायजे."

"असं एकाएकी काय झालं?"

"गुडघं दुखत्यात. दवाखाना जवळ असल्याला बरा."

जो माणूस माझ्या घरात चार-चार तास गज धरून उभा राहतो, त्याचे गुडघे दुखतात! बरं, मानलं. पाडव्यापर्यंत सोलापुरात घर नाही मिळालं तर मुलगा येऊन दोघांना पुण्याला घेऊन जाणार, असं ठरलं होतं. पुण्याचं नाव काढलं की दाजींचा चेहरा उतरायचा. "तितं नगं. लिफ्टात शिरल्यावर दार आपलं आपणच लागतंय. कुणी इचारत न्हाय, कुटं जायचंय म्हून."

मी म्हटलं, हे मी चुटकीसरशी करते. सोलापुरात माझा जन्म गेलाय, आपल्याला काय अवघड आहे! दाजींना सोलापूर कितपत माहीत आहे ते आधी बघावं म्हणून विचारलं, "दाजी, सोलापूर बघितलंय का नीट?"

"रोज की. एवढी वर्सं काय केलं मग?"

"काय काय बघितलं?"

"स्टँड," दाजी म्हणाले. थोडा विचार केला. "कँटीन. आन मुक्कामी गाडी असली तर झोपायची खोली."

म्हणजे ह्या माणसानं सोलापूर असं पाहिलंच नव्हतं. पेठा, कसबा, वेस, हे सगळं त्यांनी लोकांच्या तोंडून ऐकलेलं. मग ठरलं, दर रविवारी त्यांनी सकाळच्या गाडीनं यायचं, मी स्कूटर काढायची आणि एकेक भाग बघायचा. गाडीतही ते बसून येत नसत. नव्या कंडक्टरच्या शेजारी उभं राहून त्याच्या चुका काढत यायचे. त्या गाडीवर ड्यूटी लागू नये म्हणून ती पोरं आता नवस बोलत असतील.

स्कूटरवरची तऱ्हा तर विचारूच नका. मेव्हणीच्या मागं बसायचं म्हणजे मर्यादा सांभाळायला हवी, म्हणून दाजी सीटच्या पार टोकाला, मागची दांडी दोन्ही हातांनी धरून. बोटात अंगठी. दांडीवर एकदा टण केलं की मी थांबायचं, दोनदा केलं की निघायचं. सात रस्ता चौकात सिग्नल लाल, पोलीस समोर उभा, आणि मागून टण टण. "जाऊ दे, जाऊ दे, डावीकडनं मोकळं हाय!" पोलिसानं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, स्कूटर इथंच सोडावी आणि चालत घरी जावं.

सुरुवात मी माझ्यापासूनच केली. आम्ही जुळे सोलापूर नावाच्या नव्या भागात राहतो. आमच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्याची जागा रिकामी होती. प्रकाश भरपूर, पार्किंग, अक्का माझ्या हाकेच्या अंतरावर. आणखी काय पाहिजे? सोलापुरात घर बघणारा माणूस पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. किती दिवसांनी येतं, किती वाजता येतं, टाकी केवढी. मी मालकाला हे सगळं विचारून ठेवलं होतं. दाजींनी घराकडं ढुंकूनही बघितलं नाही. ते गल्लीत गेले आणि कुत्रं फिरवायला निघालेल्या एका साहेबांना त्यांनी हात जोडले. "काय हो, हितं नामदेव कंडक्टर कुटं राहत्यात?"

साहेबांनी कानातली तार काढली, "लोकेशन टाकायला सांगा त्यांना," म्हणाले आणि तार परत कानात घातली. दुसऱ्यानं नुसती मान हलवली. तिसऱ्या बाई गेटच्या आतूनच म्हणाल्या, "आम्हाला काही घ्यायचं नाही."

"दाजी, इथं तुम्हाला कोण ओळखणार?" मी म्हटलं. "माझं नाव सांगा की."

मग त्यांनी तेही केलं. आमच्या समोरच्या दारात राहणारे गृहस्थ जिन्यातून खाली येत होते. त्यांच्या मुलीच्या बारशाला मी झबलं-टोपडं दिलंय! दाजींनी विचारलं, "हितं सुमनबाई कुटल्या मजल्यावर राहत्यात?" गृहस्थांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सुमनबाई? इथं नसाव्यात. त्या पलीकडच्या गेटला विचारा." मी पार्किंगच्या खांबामागं उभी राहून हे ऐकत होते. मेल्याला झबल्याचीही आठवण राहिली नाही.

"आम्ही कुणी कुणाच्या भानगडीत पडत नाही, दाजी," मी म्हणाले.

"व्हय," दाजी म्हणाले, "ते दिसतंयच की."

जुळे सोलापूर बाद. मला राग आला, पण पाहुण्यावर कुठं काढणार?

पुढचा रविवार रेल्वे लाइन्स. मोठे बंगले, डॉक्टरांच्या पाट्या, भिंतीवर बोगनवेल. दवाखाना जवळ पाहिजे ना, मग याहून जवळ काय? एका बंगल्याच्या आउटहाऊसमध्ये दोन खोल्या होत्या. दाजींनी फाटकावरची घंटा दाबली. भिंतीतल्या डबीतून बाईचा आवाज आला, "कोण आहे?" दाजी दचकून मागं सरले. मग टोपी काढून त्या डबीला रीतसर नमस्कार घातला आणि तिला नामदेव कंडक्टरचा पत्ता विचारला. डबी म्हणाली, "कुरिअर असेल तर वॉचमनकडे ठेवा." वॉचमन नव्हताच.

"सुमन, हितं माणसं भिंतीत राहत्यात," दाजी म्हणाले आणि दांडीवर टण टण केलं.

मग गावात गेलो. कसब्यात, बाळीवेसच्या आतल्या बाजूला. माझ्या ऑफिसातल्या बाईंच्या ओळखीनं एक घर कळलं होतं. दगडी पायऱ्या, आत थंडगार, आणि नळाला धो धो पाणी. मी मनात म्हटलं, आता बघू कशी नावं ठेवतात. पायरीवर एक म्हातारी शेंगा सोलत बसलेली. दाजींनी विचारलं, त्यावर तिनं उलट त्यांचंच गाव विचारलं, नाव विचारलं, कुळ विचारलं, अर्धं कानडीत आणि अर्धं मराठीत. एकेक कडक भाकरी आणि वर शेंगांची चटणी हातावर ठेवली. एवढ्या प्रेमानं बोलली! आणि कंडक्टर कुठं राहतो म्हणाल तर, हनुवटीनं गल्लीच्या टोकाकडं दाखवून म्हणाली, "हिंग होग्री, हिंग. तिकडं जाऊन विचारा."

भाकरी खाऊन झाल्यावर दाजी म्हणाले, "न्हाय जमायचं."

"आता काय झालं?"

"उठली न्हाय."

"कोण?"

"म्हातारी. बसल्या जागनं वाट दावली. उठली न्हाय."

माझं डोकंच फिरलं. ऐंशीच्या घरातली बाई, मांडीवर शेंगांचा ढीग, आणि ह्यांना ती उठून उभी राहायला पाहिजे! साहेब आले म्हणून का? मला तेव्हा सगळा उलगडा झाला असं वाटलं. जन्मभर लोकांना चढा-उतरा म्हणण्यात गेलं, आता कुणी विचारत नाही, म्हणून हा माणूस शहरभर आपली कीर्ती मोजत फिरतोय. कुणी तरी म्हणावं, अरे वा, नामदेव कंडक्टर! त्यांना कोण ओळखत नाही? या, उभे का, बसा! घर हे नुसतं निमित्त. मी हे घरी आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांनी लगेच मान डोलावली. दाजींबद्दल वाईट ते ह्यांना पटकन पटतं.

अक्काशी बोलावं म्हणून मी फोन करायची. फोन दाजीच उचलायचे. "ती रानात हाय." "ती देवळात गेलीया." कधी चुकून अक्काच्या हातात फोन गेला तर ती विचारायची, जेवलीस का? मी हो म्हणायची. इकडचं तिकडचं दोन वाक्यं होतात न होतात तोवर पुन्हा, जेवलीस का? मला वाटायचं, वस्तीवर रेंज नाही, आवाज तुटतोय. मी आणखी मोठ्यानं ओरडून सांगायची, "जेवले गं अक्का!"

विजापूर वेशीला तर कमाल झाली. तिथं दाजींनी टपरीवर विचारलं. टपरीवाल्यानं गिऱ्हाईक सोडलं, बाहेर आला, "नामदेव कंडक्टर? काँ से आए बाबा? बैठो, पैले चाय पियो," म्हणाला. आजूबाजूची दहा माणसं गोळा केली. एकानं फोन लावला, दोघं दोन दिशांना पळाले. मला वाटलं, जमलं! इथं मानपान सगळा मिळाला. दाजी खूश दिसत होते. पण चहा पिऊन झाल्यावर ते रस्त्याच्या कडेला जाऊन नुसतेच उभे राहिले. हातगाड्या, रिक्षा, टेम्पो, एकाला एक लागून. खूप वेळ बघून म्हणाले, "माणसं लई चांगली. पर रस्ता न्हाय चांगला. हितं हात सुटला की सपलं."

"कुणाचा हात, दाजी?"

त्यांनी टोपी सारखी केली आणि स्कूटरवर बसले. मी मनात म्हटलं, आता पाडवा तोंडावर आला, जाऊ द्या ह्यांना पुण्याला. अकराव्या मजल्यावर लिफ्टमध्ये उभे राहा आणि वर-खाली घंटी वाजवा.

शेवटचा रविवार म्हणून मी त्यांना पूर्व भागात नेलं, साखर पेठेच्या पुढं. खरं सांगते, मनाविरुद्ध नेलं. घराघरात माग, सकाळपासून खडाड खडाड, बाजूच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. सगळी विणकरांची वस्ती, तेलुगू बोलणारी. दारादारात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. हात खाली चालू, डोळे सगळ्या गल्लीवर. इथं मुंगी चालत गेली तरी पाचजणींनी बघितलेली असते.

दाजींनी एका दारात जाऊन हात जोडले. तिथं एक जाडजूड, वयस्कर बाई बसली होती, नरसम्मा तिचं नाव. कपाळावर हे एवढं कुंकू. दाजींनी आपला ठरलेला प्रश्न टाकला. माग चालू होता, तिला ऐकू गेलं नाही. दाजींनी पुन्हा विचारलं.

"कंडक्टर? कुठला कंडक्टर?" तिनं सूप खाली ठेवलं, पानांवर ओलं फडकं टाकलं, जमिनीला हात टेकून, "अय्यो अय्यो" करत ती उठली आणि तिनं दाजींचं मनगट धरलं. "रा बाबा, चल. मी दाकवते."

आणि निघालीच की ती बाई! पुढं नरसम्मा, तिच्या हातात दाजी, मागं स्कूटर ढकलत मी. पहिलं दार, तेलुगूत सवालजबाब. दुसरं दार. तिसऱ्या दारातून आणखी एक बाई सामील. शिंप्याचं दुकान, तिथं एक नामदेव निघाला, पण तो शिंपी. पलीकडच्या बोळात एक निवृत्त ड्रायव्हर निघाला, पण त्याचं नाव वेगळं. मागावरून एक माणूस हात पुसत बाहेर आला आणि त्यानं माग बंद ठेवून डोकं खाजवलं. चार बोळ फिरलो. नरसम्माला घाम फुटला होता, गुडघ्यावर हात ठेवून ती मधेच थांबायची, पण दाजींचं मनगट काही सुटलं नाही. शेवटी ती त्यांना परत आपल्याच दारात घेऊन आली. "आत्ता नाय सापडत. सापडंल. तू इथं बस, जेव. माझा मुलगा येतो कामावरनं, तो शोदतो. असं कसं सोडू तुला रस्त्यात?"

आणि आमचे दाजी, जे कुणाच्या घरी कधी टेकले नाहीत, ते त्या बाईच्या उंबऱ्यावर खाली बसले.

माझा संयम तिथं संपला. "अहो मावशी, काही शोधू नका," मी ओरडूनच सांगितलं, "हेच नामदेव कंडक्टर! स्वतःच आहेत ते! दाजी, लाज वाटते हो मला. म्हातारी बाई गुडघे धरून तुमच्यामागं फिरली. तुमचं कौतुक करून घ्यायचं म्हणून अख्ख्या गल्लीला नाचवायचं? दोन महिने मी हे बघतेय. कोण समजता कोण तुम्ही स्वतःला?"

नरसम्मा एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिली. दाजी मात्र माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी आपलं मनगट चोळलं.

"उठली की गं," ते म्हणाले. "सूप बाजूला ठिवलं आन उठली. हात धरला, सोडला न्हाय. सुमन, हितंच घर बघायचं."

"इथं? अक्काला तेलुगूचा एक शब्द येत नाही. ती कुणाशी बोलणार इथं?"

"तिला आता मराठी तरी कुटं पुरती येती?"

मला कळेचना ते काय बोलतायत. दाजी खाली बघत बोलत होते, मागाच्या आवाजात मला वाकून ऐकावं लागलं.

अक्का विसरायला लागली होती, वर्ष होऊन गेलं. आधी चुलीवरचं दूध, मग शेजाऱ्यांची नावं, मग मुलाचं नाव. त्या हिवाळ्यात दाजी बाजाराला गेले असताना ती वस्तीवरून निघाली आणि ज्वारीत शिरली. ज्वारी डोक्याच्या वर. आत गेलेलं माणूस बांधावरून दिसत नाही, हाक मारली तर हाक कुठून आली ते कळत नाही. सगळी वस्ती रान तुडवत होती. दिवस मावळायच्या वेळेला ती दाजींनाच सापडली, हातापायाला पात्यांनी कापलेलं, ज्वारीची दोन ताटं हातानं बाजूला करून उभी.

"मला बघून पदर घेतला तिनं," दाजी म्हणाले. "परक्या माणसाला बघून घ्यावा तसा. आन म्हणाली, पावणं, नामदेव कंडक्टरचं घर कुटं हाय वो? वाट चुकलीया मी."

"मग?"

"मग काय. म्हटलं, चला, दावतो. तिकडंच चाललोय मी."

दाजी सांगतच होते. बाकी सगळं गेलं, पण हा एक प्रश्न तिच्याकडं शिल्लक होता. घरातून निघाली की दिसेल त्याला ती एवढंच विचारते. पुण्यात लिफ्टनं खाली उतरली तर कुणाला विचारेल, आणि तिथं कोण उठेल? मुलाला सांगितलं तर तो ऐकणार नाही, उद्या घेऊन जाईल. डॉक्टर सोलापुरातला, औषध त्याचंच चालू. आज तिच्याजवळ ते आपल्या धाकट्या भावाच्या बायकोला बसवून आले होते.

"मला तरी सांगायचं की दाजी. माझी बहीण आहे ती."

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, आमच्याकडं ठिवा. आन तुझ्या गल्लीत..." पार्किंगच्या खांबामागं मी उभी होतेच की त्या दिवशी.

नरसम्माला मराठी फार येत नव्हतं, पण जेवढं कळायला हवं तेवढं तिला कळलं. तिनं पाण्याचा तांब्या आणून दाजींच्या हातात दिला आणि समोरच्या बंद दाराकडं बोट केलं. दोन खोल्या होत्या. मालक तिचाच दीर निघाला.

अक्काला आणायच्या आधी दाजी ती सगळी गल्ली पायांनी फिरले. या वेळी मी बरोबर गेले, हेल्मेट स्कूटरला अडकवून. किराणावाला, गिरणीवाला, शिंपी, मागवाले, कोपऱ्यावरचा चहा. प्रत्येकापुढं दाजी टोपी काढून उभे राहायचे. "नामदेव कंडक्टर म्हणजे मीच. एक बाई माझं घर इचारत येतील. लांब जाऊ दिऊ नका. हाताला धरून आणा, रागवत न्हायत त्या." जे लोक मराठीत गोंधळायचे त्यांना नरसम्मा तेलुगूत सांगायची. आणि दाजींचं बोलून झालं की मीही हात जोडायची. दुसरं काय करणार होते?

पाडवा झाला. उन्हं तापली. एका दुपारी मी ऑफिसातून लवकर सुटून तिकडं गेले, तर दार उघडं आणि घरात कुणी नाही. दाजी दळण घेऊन समोरून येत होते. उघडं दार बघितलं आणि पिठाचा डबा त्यांच्या हातातून खाली गेला. ते एकीकडं धावले, मी दुसरीकडं. नरसम्माही दारात नव्हती, तिचं सूप नुसतं पडलेलं. मी बोळाच्या तोंडापर्यंत गेले, हाका मारल्या, मागांच्या आवाजात मलाच माझी हाक ऐकू येईना. मोठ्या रस्त्यावर ट्रक चाललेले बघितले.

परत फिरले तर त्या पलीकडच्या बोळातून वरात येत होती. चार बायका, तो हात पुसणारा मागवाला, शिंपी, आणि मधे अक्का. अनवाणी, डोक्यावर पदर. तिचं मनगट नरसम्माच्या हातात. नरसम्मा धापा टाकत होती, पण हात सोडला नव्हता. दाजी दारात येऊन उभे राहिले. त्यांना पुढं जाववेना. या वेळी ती आपल्याला काय म्हणेल याची त्यांना भीती वाटत होती, मला ती त्यांच्या तोंडावर दिसत होती.

अक्का दाजींच्या समोर आली. त्यांच्याकडं बघत राहिली.

"कुटं गेलता वो?" ती म्हणाली. "कवाधरनं हुडकतीया मी तुमाला."

दाजींचा चेहरा वेडावाकडा झाला. "हितंच हाय की," म्हणाले, "कुटं जातोय मी?" नरसम्मानं अक्काचा हात दाजींच्या हातात दिला आणि मगच आपला सोडला. भर गल्लीत, चार लोकांच्या देखत दाजींनी बायकोचा हात धरलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मला रडू आवरेना. मी तशीच रस्त्यावर उभी राहिले.

उंबरा ओलांडता ओलांडता अक्का थांबली. मागं वळून तिनं माझ्याकडं निरखून बघितलं.

"अवो, ह्या बाई कोण?" तिनं दाजींना विचारलं. "कवाच्या उन्हात उभ्या हायत. त्यांनाबी आत बोलवा की."

"या," दाजी मला म्हणाले, "आत या."

मी डोळे पुसले, चपला बाहेर काढल्या, आणि पाहुणी म्हणून आत गेले.